धाब्याचा कठडा

शास्त्रपाठ : अनुवाद २२:८



देवानें मोशेच्या द्वारें इस्राएल लोकांस जे नियम लावून दिले, त्यांत घर बांधणाऱ्यासाठीं एक लहानसा नियम आहे. वाचतांना आपण बहुधा त्यावरून पुढें निघून जातों. नवें घर बांधणाऱ्यानें धाब्याच्या कांठानें कठडा घालावा. तो न घातल्यामुळें कोणी पडून मेल्यास त्या प्राणहानीचा दोष त्या घरावर राहील, असा त्याचा आशय आहे.

नगर, बीड, सोलापूर या बाजूच्या वाचकांस हा नियम समजावून सांगण्यास फार श्रम नकोत. धाब्याचीं, माळवदाचीं घरें आपण पाहिलीं आहेत; कित्येकांचा जन्म त्यांतच झाला. उन्हाळ्याच्या रात्रीं वर वाकळ पसरून उघड्या आकाशाखालीं निजावें, हें सुख आपणांस ठाऊक आहे. आणि झोपेंत लोळत कांठाशीं गेलेल्या लेंकराचा पाय धरून त्यास मागें ओढणारी आईही आपण पाहिली आहे. मोठा मनुष्य कांठ ओळखतो, लेंकरूं ओळखीत नाहीं. म्हणूनच देवानें हा नियम लेंकरास दिला नाहीं. तो घरधन्यास दिला. आणि पडल्यानंतर काय करावें हें येथें सांगितलें नाहीं. कोणी पडण्यापूर्वीं काय करावें हें सांगितलें आहे.

या नियमाच्या प्रकाशांत आज आम्ही आपल्या खेड्यांतील कोंवळ्या मुलांच्या विडी-तंबाखूच्या संवयीविषयीं लिहीत आहों.

गतवर्षीं उन्हाळ्याच्या सुटींत एका लहान मंडळींत आमचा तीन दिवस मुक्काम होता. सकाळीं निंबाच्या झाडाखालीं मुलांचा शास्त्राभ्यास होत असे. बारा ते सोळा वर्षांचे अकरा मुलगे होते. एके दिवशीं वाटेंत पडलेली तंबाखूची रिकामी पुडी उचलून आम्हीं त्यांस विचारिलें, "हिच्यावर चित्र कसलें आहे?" सर्वांनीं एका सुरांत उत्तर दिलें, "कॅन्सरचें." "तो कशानें होतो?" "तंबाखूनें." मुलांस ज्ञान आहे असें पाहून आम्हांस समाधान वाटलें. मग आम्हीं विचारिलें, "दुकानांतून अशी पुडी किंवा विडीचें बंडल तुमच्यापैकीं किती जणांनीं आणलें आहे?" तेव्हां हात वर गेले. कोणी बापासाठीं आणलें होतें, कोणी चुलत्यासाठीं, कोणी आजीच्या मशेरीसाठीं. एका चौदा वर्षांच्या मुलाचा हात मात्र अर्धाच वर होता.

वर्ग संपल्यावर तो मागें राहिला आणि खालीं पाहत म्हणाला, "पाळकसाहेब, आजा म्हणतो, चुलीवरून विडी पेटवून आण. नुसती निखाऱ्यावर धरली तर विझून जाती. एक झुरका ओढावाच लागतो."

"केव्हांपासून आणतोस?"

"दुसरीत होतो तेव्हापासून."

"आणि आतां?"

तो कांहीं बोलला नाहीं. त्याच्या खिशांत सहा विड्या होत्या; त्या त्यानें काढून आमच्या हातावर ठेविल्या.

त्या मुलाचा आजा हा त्या मंडळीचा वडील. उपासनेच्या घंटेपासून अर्पणाच्या थैलीपर्यंत सर्व व्यवस्था त्याच्या हातीं. पाळक नसतां कित्येक वर्षें त्यानेंच मंडळी एकत्र राखिली. नातवावर त्याचा जीव. त्या मुलाचें वाईट करावें असें त्याच्या स्वप्नांतही आलें नसेल. परंतु त्याच्या धाब्याला कठडा नव्हता, आणि मूल रोज त्या कांठावरून ये-जा करीत होतें.

प्रियजनहो, या गोष्टींतून आपण तीन बोध घेऊं या.

पहिला बोध हा कीं, घरधन्यानें कांठ कोठें आहे तें ओळखावें.

त्या अकरा मुलांस चित्र ओळखतां येत होतें, पण तें चित्र आपल्यासाठीं काढिलें आहे असें त्यांपैकीं एकालाही वाटत नव्हतें. तो रोग म्हाताऱ्यांचा, तो विडी ओढणाऱ्यांचा, तो परगांवच्या कोणाचा तरी, असें त्यांचें म्हणणें. मुलांचें हें अज्ञान आपल्याच घरच्या बोलण्यांतून आलेलें असतें. आपण काय बोलतों तें पाहा. विडी झाडाच्या पानाची, म्हणून ती सिगारेटीपेक्षां सौम्य, असें आपण म्हणतों. खरें पाहतां टेंभुर्णीच्या पानाची विडी आपोआप जळत राहत नाहीं. ती जिवंत ठेवण्यासाठीं वारंवार व जोरानें ओढावी लागते. तो मुलगा चुलीपाशीं जें शिकला तें अगदीं खरें होतें. त्यामुळें विडीच्या धुरांतून डांबर, निकोटिन व कार्बन मोनॉक्साइड हीं द्रव्यें सिगारेटीपेक्षांही अधिक प्रमाणांत शरीरांत जातात. तंबाखूच्या धुरांत ७,००० हून अधिक रासायनिक द्रव्यें असून त्यांपैकीं सुमारें ७० द्रव्यें कर्करोग उत्पन्न करणारीं आहेत.

मशेरी म्हणजे केवळ दांत घासण्याची पूड, असें आपल्या आयाबहिणी म्हणतात. पण तव्यावर भाजून काळी केली म्हणून तंबाखू तंबाखूच राहते. दांत घासतां घासतां तिचें विष हिरड्यांतून रक्तांत जातें. पहांटे आई मशेरी लावीत असतां शेजारीं बसलेली मुलगीही बोट पुढें करिते, आणि आपण कौतुकानें हंसतों.

मावा म्हणजे सुपारीच, असें तरुण मुलें म्हणतात. पण सुपारी स्वतःच कर्करोगास कारण होते. तिच्यांत चुना व तंबाखू मिसळली म्हणजे हानि दुणावते. सुपारीच्या संवयीनें गालांचें आंतील कातडें हळूहळू ताठ व पांढरट होतें, तिखट सोसत नाहीं, आणि शेवटीं तोंड उघडेनासें होतें. याची परीक्षा प्रत्येक आईस घरींच करितां येईल. मुलानें आपलीं तीन बोटें एकावर एक उभीं धरून दांतांच्या मधें घालावीं. तीं जात नसतील तर विलंब न करितां त्यास दवाखान्यांत न्यावें.

याखेरीज निकोटिनाचा धर्म समजून घ्यावा. धूर छातींत ओढल्यावर तें कांहीं क्षणांतच मेंदूपर्यंत पोहोंचतें व थोडा वेळ हुशारी आणितें. मग तें उतरतें आणि मन पुन्हां तेंच मागूं लागतें. मनुष्याच्या मेंदूची वाढ विसाव्या वर्षानंतरही चालू असते. अशा वाढत्या मेंदूला ही मागणी एकदां जडली म्हणजे ती पुढें सोडविणें फार कठीण जातें. गुलाम बाजारांत लहानपणींच विकत घेतला, तर धन्याला तो जन्मभर पुरतो; तंबाखूचाही व्यवहार असाच आहे. भारतांत २०१९ सालीं शाळेंतील १३ ते १५ वर्षांच्या मुलामुलींची जी पाहणी झाली, तींत दर शंभरांत ८.५ जण कोणत्या ना कोणत्या स्वरूपांत तंबाखू वापरीत असल्याचें आढळलें. आणि ज्यांनीं विडी ओढून पाहिली होती त्यांपैकीं जवळजवळ निम्म्यांनीं वयाचीं दहा वर्षें पुरीं होण्यापूर्वींच ती तोंडाला लाविली होती. दहा वर्षांच्या मुलास विडी कोठून मिळते? ज्या घरांत त्यास भाकरी मिळते, बहुधा त्याच घरांतून.

दुसरा बोध हा कीं, कठडा घालणें हें घरधन्याचें काम आहे.

सरकारनें आपल्या परीनें कठडा घातला आहे. २००३ च्या कायद्यानें अठरा वर्षांखालील मुलास तंबाखू विकण्यास, व शाळेपासून शंभर यार्डांच्या आंत ती कोणासही विकण्यास मनाई आहे. २०१२ सालीं महाराष्ट्रांत गुटख्यास बंदी झाली. २०१५ च्या बालन्याय कायद्यानें मुलास तंबाखू देणाऱ्यास सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी व एक लाख रुपयांपर्यंत दंड ठरविला आहे. असें असतां "आजाची विडी आण" म्हणून आठ वर्षांच्या मुलास नाणें देऊन टपरीवर पाठविणें ही आपल्या गांवांत नित्याची गोष्ट आहे. सरकारचा कठडा आपण आपल्या हातानें मोडतों, आणि मग मुलें बिघडलीं म्हणून प्रार्थनासभेंत रडतों.

कोणी म्हणेल, "ही तर वाडवडिलांपासून चालत आलेली रीत." पण ती तितकी जुनी नाहीं. तंबाखूचें झाड मूळचें अमेरिकेचें. पोर्तुगीज लोकांनीं तें आपल्या देशांत आणिलें, आणि जहांगीर बादशहानें १६१७ सालींच त्यावर बंदी घालण्याचा प्रयत्न केला. त्यापूर्वींचे आपले पूर्वज विडी न ओढतांच नांगर धरीत व मोट हाकीत होते. पवित्र शास्त्रांत तंबाखूचें नांव येत नाहीं, तें याच कारणानें. "शास्त्रांत मनाई कोठें आहे?" असा प्रश्न आम्हांस कित्येकदां करण्यांत येतो. विडीची मनाई शास्त्रांत शोधून सांपडणार नाहीं. परंतु कठड्याची आज्ञा तेथें स्पष्ट आहे.

प्रेषित पौलाचें उदाहरण पाहा. करिंथ येथील मंडळींत मांस खाण्याविषयीं वाद पडला. तें खाण्यानें आपलें कांहीं बिघडत नाहीं, अशी पौलाची खात्री होती, तरी आपल्या खाण्यानें दुर्बळ भावाचा पाय घसरत असेल, तर आपण मांसाला पुन्हां शिवणार नाहीं, असें त्यानें ठरविलें (१ करिंथ. ८). त्यानें आपल्या हक्काचा विचार मागें ठेविला आणि भावाच्या पायाचा विचार पुढें केला. ज्या वस्तूनें कांहींच बिघडत नाहीं तिच्याविषयीं जर त्याचा असा निश्चय, तर जी वस्तु आपलीच फुप्फुसें जाळिते तिच्याविषयीं आपला निश्चय काय असावा?

याच्या उलट एलीचें उदाहरण आहे. तो देवाच्या मंदिरांतील याजक. त्याची भक्ति खरी होती. परंतु आपले पुत्र काय करितात हें ठाऊक असूनही त्यानें त्यांस आवरिलें नाहीं, म्हणून त्याच्या घराचा न्याय झाला (१ शमुवेल ३). उपदेशक बंधूंनो, एलीची गोष्ट आपणांस उद्देशून आहे. आपण व्यासपीठावर उभे राहून पवित्रतेवर उपदेश करितों, आणि उपासना संपतांच देवळाच्या पायरीवर बसून तळहातावर तंबाखू मळितों. समोर मुलें उभीं असतात. त्यांस आपल्या उपदेशाचा शास्त्रपाठ आठवत नाहीं, पण चुना किती घ्यावा व चिमूट कोठें धरावी हें मात्र पाठ होतें.

येथें आम्हांसही आपला दोष कबूल केला पाहिजे. घरभेटीच्या वेळीं आमच्यापुढें पानाचें तबक येई. यजमानाचें मन मोडूं नये म्हणून आम्हीं कित्येक वर्षें त्यांतील सुपारी उचलिली, आणि कधीं कधीं तिच्याबरोबर तंबाखूची चिमूटही. तें तबक बहुतेक वेळां घरांतील मूलच घेऊन येत असे. त्या मुलाच्या डोळ्यांपुढें पाळकानें जें उचलिलें तें त्यास पवित्रच वाटलें असेल. निंबाखालच्या त्या सकाळीं सहा विड्या हातावर पडल्या तेव्हां आम्हांस तें तबक आठवलें. त्या दिवसापासून आम्हीं सुपारीस हात लाविला नाहीं. यांत आमची कांहीं थोरवी नाहीं. कठडा उशिरां घातला, इतकेंच.

तिसरा बोध हा कीं, जो पडला आहे त्यास सोडून देऊं नये.

मोशेच्या नियमानें दोष दाखविला. परंतु ज्यांच्या धाब्यावरून कोणी पडून गेलें आहे, त्यांच्यासाठीं, आणि जे स्वतः पडले आहेत त्यांच्यासाठीं, आपला प्रभु येशू ख्रिस्त आला. विडी सोडल्यानें तारण मिळतें असें आम्ही शिकवीत नाहीं. तारण कृपेनें मिळतें. परंतु ज्याला धन्यानें मोल देऊन सोडविलें त्यानें दुसऱ्या धन्याचें जोखड मानेवर कां वागवावें? आणि ज्या शरीरांत पवित्र आत्मा वस्ती करितो तें मंदिर आंतून काळें कां करावें?

त्या वडिलांची पुढची हकीकत सांगितली पाहिजे. मुलाच्या परवानगीनें आम्हीं त्याच रात्रीं आजाशीं बोललों. ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "पाळकसाहेब, त्यानं माझं ऐकलं. मी सांगितलं म्हणून त्यानं ओढली." दुसऱ्या दिवशीं त्यांनीं उरलेलें बंडल चुलींत टाकिलें. पण पन्नास वर्षांची संवय एका रात्रींत जात नाहीं. पहिले चार दिवस त्यांस झोंप आली नाहीं, हात कांपले, घरांतल्यांवर राग निघाला. विसाव्या दिवशीं त्यांनीं पुन्हां विडी ओढली, आणि लाजेनें दोन रविवार ते उपासनेस आले नाहींत. तेव्हां मंडळीनें एक चांगली गोष्ट केली. दोषारोप न करितां दोघे बंधु त्यांच्या घरीं गेले, आणि रोज संध्याकाळीं, जेव्हां विडीची आठवण अधिक होते, तेव्हां त्यांच्यापाशीं बसूं लागले. हें लिहीत असतां त्यांस विडी सोडून सात महिने झाले आहेत. नातवाविषयीं आम्हांस इतकेंच सांगतां येतें कीं, तो प्रयत्न करीत आहे, दोनदां घसरला, आणि दोन्ही वेळां त्यानें तें आजाला सांगितलें. पूर्वीं ज्यास विडी पेटवून देत असे त्यासच तो आतां आपली चूक सांगतो. आम्हांस हा कठड्याचा पहिला दगड वाटतो. वाचकांनीं त्या दोघांसाठीं प्रार्थना करावी.

ज्यांस सोडावयाचें आहे त्यांनीं धीर धरावा. पहिले कांहीं दिवस सर्वांत अवघड. पुढें ओढ कमी होत जाते. विडी सोडल्यावर एकदोन दिवसांतच रक्तांतील विषारी वायु निघून जातो, आणि वर्षभरांत हृदयविकाराचा वाढलेला धोका सुमारें निम्म्यावर येतो. सरकारच्या १८००-११-२३५६ या क्रमांकावर फोन केल्यास तंबाखू सोडण्याविषयीं मोफत सल्ला मिळतो. तोंडांत पांढरा किंवा लाल चट्टा, किंवा दोन आठवड्यांत न भरणारी जखम दिसल्यास ती लपवूं नये, अंगारा लावीत बसूं नये. सरकारी रुग्णालयांत दाखवावी. आरंभीं सांपडलेला रोग पुष्कळदां बरा होतो.

आतां प्रत्येक मंडळीनें करावयाच्या चार गोष्टी सांगून आम्ही हा लेख संपवितों. येत्या रविवारीं वडील मंडळीनें उभें राहून त्यांचा स्वीकार करावा.

पहिली, आपल्या घरचें कोणतेंही मूल तंबाखू, विडी, मशेरी किंवा सुपारी आणण्यास दुकानीं पाठवूं नये, व विडी पेटवून आणण्यास चुलीपाशीं पाठवूं नये. ज्यास अजून सोडतां येत नाहीं त्यानें निदान आपली वस्तु आपण आणावी, आणि मुलांच्या दृष्टीआड राहावें.

दुसरी, देवळाच्या आवारांत, लग्नकार्यांत व घरभेटींत तबकाऐवजीं गूळपाणी किंवा चहा द्यावा. पाळकानें व उपदेशकानें सुपारी नाकारिली म्हणून कोणीं राग मानूं नये.

तिसरी, शब्बाथ शाळेच्या शिक्षकांनीं मुलांस केवळ चित्र दाखवूं नये. विडी, मशेरी व मावा हीं एकाच झाडाचीं व एकाच घराचीं भावंडें आहेत हें सांगावें, आणि मुलें काय सांगतात तें न रागावतां ऐकावें. मारानें मुलगा विडी लपविण्यास शिकतो. ऐकून घेतल्यानें तो ती हातावर आणून ठेवितो.

चौथी, जो पैसा वांचेल तो वेगळा ठेवावा. दिवसास वीस रुपये तंबाखूवर जात असतील तर वर्षाचे ७,३०० रुपये होतात. एका मुलाचीं पुस्तकें, वह्या व गणवेश इतक्यांत सहज होईल.

मुलांनो, तुम्हांसही एक शब्द. तुमच्या वडीलधाऱ्यांनीं चूक केली असेल. तरी कांठ दिसल्यावर त्याच बाजूला चालत जाणें ही तुमची चूक होईल. मित्रांनीं हंसून विडी पुढें केली तर मागें सरण्यास लाजूं नका. जो घसरला असेल त्यानें आपल्या उपदेशकापाशीं यावें. कोणी तुमचा अपमान करणार नाहीं.

आणि घरधन्यांनो, आज रात्रीं दिवा मालवण्यापूर्वीं आपल्या धाब्याच्या कांठावरून एकदां हात फिरवून पाहा. कोठें मोकळें आहे तें तुम्हांस ठाऊक आहे. ज्या पित्यानें आपल्या लेंकरांसाठीं स्वतःचा पुत्रही राखून ठेविला नाहीं, तो तुम्हांस तुमच्या लेंकरांसाठीं एक चिमूट तंबाखू टाकून देण्याचें बळ देईल. त्याच्या नांवास सर्वकाळ गौरव असो. आमेन.